गोदावरीची किल्ली

वाशीम, रविवार, १२ डिसेंबर १९५४

आज गोदावरी घर सोडून निघाली. माझ्या कादंबरीतली. सकाळी लिहायला बसलो तेव्हा ती नुसती भाकरी थापत होती, नवरा रिसोडच्या बाजाराला गेलेला. दुपारपर्यंत तिनं दाराला कुलूप लावलं आणि स्टेशनची वाट धरली. का, ते मला ठाऊक नाही. आधी आराखडा करून लिहिणं मला कधी जमलंच नाही. माणसं पुढे चालतात, मी मागे मागे जातो.

संध्याकाळी नेहमीसारखं बायकोला, सुमतीला, वाचून दाखवलं. ती तूर निवडत ऐकत होती. म्हणाली, "किल्ली कोणाजवळ देली तिनं?"

मी हातातलं पान उलटून पाहिलं.

"शेजारी देली असन तं वापस येईन. संग नेली असन तं नवरा बाहीर बसून राहीन. तुमाले मालूम नाही?"

पानं पुन्हा चाळली. कुलूप आहे, किल्ली नाही. एका किल्लीपाशी कादंबरी अडली, आणि गंमत म्हणजे मला बरंच वाटलं. आता शोधायला काहीतरी आहे! सहज विचारलं, "तू असतीस तर कोणाकडे दिली असतीस?"

तिनं मान वर केली नाही. "मी तं कुलूपच नसतं लावलं. तुमी घरातच लिहीत बसले असते."

आणि तूर निवडत राहिली.

गोदावरीची किल्ली राहू दे. सुमतीचं हे उत्तर इतकं तयार कसं होतं? या घरात आराखड्याशिवाय चालणारा मी एकटाच की काय?