झेंडूच्या माळेला घाबरणारी मोटार

मु. पो. जाफराबाद

श्री. बद्रीनाथराव मेव्हणे यांस तातेरावचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची गुडघेदुखी आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे.

तुमच्या भाच्याने, म्हणजे आमच्या अपूर्वने, नवी मोटार घेतली आणि लगेच माझ्या वडिलांच्या काळ्या मोटारीसाठी भंगारवाला दारात आणला. वर मला म्हणतो, "बाबा, आता तुम्ही मागं आरामात बसायचं, बिलकुल टेन्शन न्हाई." उभा जन्म स्टीअरिंग धरलेल्या माणसाला आराम म्हणजे शिक्षाच की हो! मला फार लागलं ते. मी म्हणालो, रविवारी लेकीसाठी, यशश्रीसाठी, मुलाकडच्या पाहुण्यांचं घर बघायला धावड्याला जायचंच आहे, दोन्ही गाड्या काढू. काळी आधी पोचली तर ती विकायची नाही. (हे रागात बोलून गेलो. काळी उतारावर लावल्याशिवाय सुरू होत नाही, हे तुम्ही ढकलून ढकलून जाणताच.)

तरी काळीत एक गुण आहे. तिच्यात बसलं की प्रत्येकाला काम असतं. एकाने पाण्याचा डबा सांभाळायचा, एकाने दार धरायचं, एकाने उतरून चाकाला दगड लावायचा. नवी सगळं स्वतःच करते, म्हणून आतली माणसं मोबाइल बघत बसतात. तिला पुढे एक डोळा आहे, आडवं काही आलं की ती आपणहून ब्रेक लावते. तुमच्या बहिणीने तिची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तोंडावर मनगटाएवढी जाड झेंडूची माळ बांधली. मी म्हणालो, एवढी कशाला? तर म्हणे, "पाहुण्याला दिसली पाह्यजे ना!"

भोकरदन सोडलं आणि वाऱ्याने माळ त्या डोळ्यावर आली. गाडी जागीच थांबली. लाडवांचा डबा तुमच्या बहिणीच्या मांडीवरून पुढे गेला. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. अपूर्वने कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, समोर काय आहे? हा म्हणाला, रस्ता. तेवढ्यात मी शेजारून पुढे गेलो. (थांबलो असतो हो, पण तिथे उतार नव्हता.)

धावड्यात पहिला मीच! हात काळे बघून पाहुण्यांनी मला ड्रायव्हर समजून ओट्यावर चहा दिला. "मालक लोकं मागून येऊन राह्यले का?" मी हो म्हणालो. ओट्यावर शेजारीपाजारी मोकळं बोलतात. मुलगा खरंच चांगला आहे, असं कळलं. नवी फार उशिरा आली. वाटेत एका शेळीने माळ खाल्ली, तेव्हा कुठे ती दुरुस्त झाली.

तेव्हा जिंकलो मी. अपूर्व तुमचं ऐकतो. काळी विकायची नाही, असं त्याला फोनवर बजावा.

आपला,
तातेराव

ता. क. – परतताना काळी सुरू झाली नाही. नवीच्या मागे दोर बांधून आणली. मी आत स्टीअरिंग धरून होतो. वळणं सगळी मीच घेतली.

आणखी ता. क. – काळी विकतो म्हणाला तर विकू द्या. फक्त नवीची किल्ली एकदा बाबांच्या हातात दे, एवढं त्याला सांगा. बाजारापर्यंतच नेईन. तुमची बहीण शेजारी बसायला तयार आहे, पट्टासुद्धा लावते म्हणाली.