पातळ दुधाची परीक्षा

आई, आत्याने तुझ्या दुधाची परीक्षा घेतली होती ना, ती परीक्षाच चुकीची होती. तू हे जग सोडून गेलीस तेव्हा मी अजून शाळेत शिकत होते, मला तरी कुठे माहीत होतं.

मी चौथीत असताना गव्हाणला आत्याकडे आपण जेवायला गेलोय. आत्या मला तिच्या मुलीशेजारी उभी करते. आम्ही एका वयाच्या, पण मी तिच्या खांद्यालाही लागत नाही. मग तिची नेहमीची गोष्ट सुरू होते. मी वेळेआधी जन्मले, मुठीएवढी. आत्याने वाटीत पाणी घेऊन त्यात तुझ्या दुधाचा थेंब सोडला आणि तो लगेच पसरला. "मी तवाच बोल्ले ना वयनी, दूद पातल हाय तुमचं. पोर वाढनार नाय." सगळे हसले, तूही हसलीस, आणि ताटं उचलून आत गेलीस. मी मागोमाग आले. "खरंच का गं?" तू नळ सोडलास. "असेल. डिंक, अळीव, सगळं खाल्लं गं मी. तरी." त्यानंतर घरी कधीही मासे केले की मधला तुकडा माझ्या ताटात यायचा. तू शेपटी खायचीस.

आता मी पनवेलमध्ये एका हॉस्पिटलच्या रिसर्च प्रोजेक्टवर आहे. लवकर जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, कागदावर सुकवायचा, मशीनमध्ये तपासायचा. काही बाळांना दूध तेवढंच मिळतं, तरी वजन वाढत नाही. आणि त्यांच्या रक्तात फॅट, प्रोटीन वापरण्याच्या खुणा वेगळ्या दिसतात! म्हणजे सिलिंडर भरलेला आहे, पण बर्नर नीट पेटत नाहीये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच, आई. तुला फोन करावासा वाटला.

मागच्या आठवड्यात वॉर्डात कळंबोलीची एक आई रडत होती. तिची सासू काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तीच परीक्षा करत होती. मी धावत गेले आणि सगळं सांगून टाकलं. दूध नाही हो, बाळाचं शरीरच वेगळं चालतंय! आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. "आपल्याला फरक दिसतोय. त्याच्यामुळेच वाढ अडते हे सिद्ध झालंय का? आणि इतक्या लहान बाळांना कधी कधी नुसतं आईचं दूध पुरत नाही, म्हणून तर आपण त्यात जास्तीच्या पोषणाची पावडर घालतो. जा, नीट सांग."

मी परत गेले. पाण्यात सोडलेल्या दुधाच्या थेंबावरून काहीच कळत नाही, म्हटलं. बाळाला जास्त लागतंय, ते आपण देऊ. का लागतंय, ते शोधतोय. तिने एवढंच विचारलं, "माझी चूक नाही ना?" नाही, म्हटलं, हे नक्की. सासूने ग्लास बेसिनमध्ये ओतला. "मंग रडतेस कशाला? जेव आधी. सकाळपास्नं नुसत्या चहावर हाय."

माझ्या वेळचा रक्ताचा थेंब कुणी ठेवलेला नाही. त्यामुळे मी का वाढले नाही, ते कधीच कळणार नाही. कदाचित माझं शरीर, कदाचित दूध खरंच कमी पडलं असेल. हे पत्र कुणाकडे जाणार नाहीये, म्हणून कबूल करते: तू समोर असतीस, तर मी हा दुसरा 'कदाचित' गिळून टाकला असता.