भरीव आक्सल

२० नोव्हेंबर २००७

हे सोमनाथची सायकल घेऊन आले! पुन्यावरनं, यष्टीच्या टपावर बांधून. लेकानं हौसेनं घेतली व्हती, डोंगर चढायला म्हने. चढली ती ग्यालरीत. आता बापाच्या डोक्यात चढली.
गेराची हाय. टायरला ट्रॅक्टरसारखी नखं. मडगार्ड न्हाई, घंटी न्हाई, स्टँड न्हाई. असलं उघडं-नागडं वाहन मी तरी बघितलं न्हाई.

२२ नोव्हेंबर

शिनोलीवरनं निरोप. माजी थोरली भन सरूआक्का अंथरुनाला खिळली. माज्या नावानं "कुशी आली का, कुशी आली का" करती म्हने. ह्यांना म्हनले, मला न्या. गुडघा गेलाय, जीप धरायला फाट्यापत्तर चालवत न्हाई. फटफटीवर बसायची न्हाई — गेल्या साली भाच्यानं पाडली तवाच शपथ घातली. हे म्हनले, "बघू."
आन् सायकल उलटी करून बसले!

२३ नोव्हेंबर

मागचं चाक लचकतं म्हने. लचकतं! चाक हाय का नवरी?

२५ नोव्हेंबर

नवं खूळ. मागचा आक्सल पोकळ हाय, खटका वढला की चाक हातात. तो काढून जाड, भरीव घालायचा. जेवताना भाकरीवर मुळा आडवा ठेवून दावलं — "अगं, हा आक्सल समज. पोकळ असला की वज्यानं वाकतो. भरीव घातला की मागचं सगळं कसं ताठ!"
म्हनले, "घरात ताठ माणूस एक हाय, तेवढा बास झाला." मुळा उचलला आन् खाऊन टाकला.
आक्काचं इचारलं. "बघू."

२७ नोव्हेंबर

सोमनाथला फोनवर फोन. माज्या गुडघ्यापायी येवढे फोन झाले असते तर आज पळत असते. सुप्रिया सूनबाई भोळी. म्हनली, "मामंजी, रेस करणारे बसवतात तसला. स्टिफनेस येतो." झालं! दिसभर इस्टिपनेस, इस्टिपनेस. म्हशीलाबी सांगितलं आसंल.
सोमनाथ पाठवतो म्हनला. लेक बी तसलाच.

१ डिसेंबर

घोडेगावचा सयाजी सायकलवाला दारात. "काकू, भाऊ कुटंत? आक्सल आला. मागं मंडळी बसनार म्हनले भाऊ, म्हनून कॅरेजबी जाड पट्टीचं करतोय."
मंडळी!! आत्ता कळलं. ह्यांची भजनी मंडळी. सांजच्याला देवळात टाळ कुटत्यात, आन् त्यांना डबलशीट फिरवायचं! त्यात तो भगवंता पखवाजवाला. तो बसला तर आक्सल ऱ्हाऊ द्या, डांबर वाकंल.
आक्का तिकडं डोळं लावून बसलीया. हितं भगवंताची पालखी निगाली.
बोलायचं न्हाई ठरवलं. भाकरी आदळली ताटात. हे म्हनले, "मंडळी रुसली व्हय?"
म्हनले, "तुमची मंडळी रुसू दे न्हाईतर मरू दे!"
हे हसले. ठसका लागंस्तवर हसले. लाज न्हाई.

२ डिसेंबर

बोलले न्हाई.

४ डिसेंबर

सायकल आली. पेंडीचं पोतं मागं बांधून हे वस्तीभर फिरले. पोरंठोरं बघायला. "आता बघ, लचकतंय का?"
न्हाई लचकत. खोटं कशाला बोलू. पन तोंडानं म्हनले न्हाई.
हे थांबले. पोत्याकडं बघितलं, मग मला वरनं खाली बघितलं. म्हनले, "पोतं लई हलकं पडतंय."
येडे झालेत.

५ डिसेंबर

शिनोलीला जाऊन आले!
सकाळी सायकल उंबऱ्याशी. कॅरेजवर माजीच वाकळ, घडी घालून सुतळीनं बांधलेली. म्हनले, "मंडळी कुटाय?" हे म्हनले, "ही काय, उंबऱ्यात हुबी हाय."
आक्कानं हात धरला तो सोडंना.
चाक कुटंच लचकलं न्हाई. मीच लचकले.