दातांची परीक्षा आणि वन्संचे गोळ्यांचे हार

तीर्थरूप तोकिलुपे आक्कास,

वावाऊ बेटावरून तुझ्या धाकट्या बहिणीचा, फुसीचा, गालाला गाल लावून नमस्कार. देवाने आम्हा सगळ्यांना या आठवड्यापर्यंत आणून पोचवलं, तसंच तुम्हालाही तिकडे ऑकलंडच्या गारठ्यात पोचवलं असेल अशी आशा करते. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं घोरणं? (घोरत असतील तर उत्तम. माणूस घरात आहे एवढं तरी कळतं. आमचे हे गेल्यापासून मी मांजराचं घोरणं ऐकत झोपते.) इकडे रताळी बरी आली, डुक्करीण व्याली, आणि पाळकांच्या बायकोने चर्चच्या गाण्यात पुन्हा वरचा सूर धरला आणि पुन्हा तो तिच्या हातून सुटून पळाला. म्हणजे एकूण सगळं ठीक आहे.

पत्र मी सांगते आहे आणि आमची धाकटी लेसिएली लिहिते आहे, हे तुला अक्षरावरून कळलंच असेल. तुला शाळेत पाठवलं आणि मला आजीजवळ चटया विणायला बसवलं, त्यामुळे माझ्या वाटणीची अक्षरं सगळी चटयांत गेली. (लेसिएली म्हणते, आई, मुद्द्यावर ये. मास्तरीण झाल्यापासून हिला मुद्दा फार लागतो. लिही गं, हेही लिही.) तर मुद्दा हा, की तुझी भाची परीक्षा पास झाली. कशाची, तर दातांची. कुठे, तर कबरस्तानात. आता बस खाली आणि ऐक.

झालं असं, की शाळेत वरून हुकूम आला. पोरांचे दात किडतात, तर शिक्षकांनीच त्यांना दात सांभाळायला शिकवावं, आणि कसं शिकवायचं ते शिक्षकांनी आधी फोनवर शिकावं. फोनवर धडे येणार, धड्यांत दात बोलणार, मग प्रश्न येणार, त्यांची उत्तरं द्यायची. आमच्या शाळेत एक शिक्षिका जास्त झालेली. हेडमास्तर म्हणाले, लेसिएली, तू हे ट्रेनिंग पुरं करून पास झालीस तर शाळेची दातांची बाई म्हणून इथंच राहशील, नाहीतर निउआच्या बेटावर जागा रिकामी आहे. निउआ म्हणजे तुला ठाऊकच. तिथली बोट जावयासारखी, कधी येईल सांगता येत नाही आणि आली की गावाला पळायला लावते. घरात उरलेली ही माझी शेवटची पोर, बाकीची सगळी तुमच्याकडे आणि सिडनीला पांगली. पण मला काही फार वाटलं नाही हो. जायचं तर जा म्हटलं, तेवढंच एका माणसाचं धुणं कमी.

आता धडे फोनवर, आणि फोनला आमच्या गावात रेंज नाही. सगळं गाव पालथं घातलं. हेडमास्तरांच्या ऑफिसात नाही, चर्चच्या पायरीवर नाही, फणसाच्या झाडावर चढून पाहिलं (शिक्षिका, कमरेला मानाची चटई बांधलेली, झाडावर! खाली पोरं टाळ्या वाजवताहेत), तिथंही नाही. शेवटी रेंज सापडली ती टेकडीवरच्या कबरस्तानात, आणि तीही नेमकी आमच्या ह्यांच्या उशाशी. जिवंतपणी या माणसाला हाक ऐकू जायला अर्धा दिवस लागायचा, आणि आता बघ, अख्ख्या गावात याच्याच डोक्याशी सगळं स्पष्ट ऐकू येतं.

मग लेसिएली रोज शाळा सुटली की बापाच्या कबरीवर जाऊन बसायची, फोन मांडीवर आणि कानात फोनची बोंडं. त्या फोनमधली बाई सांगायची, तोंड उघडा, मोठं उघडा, मागच्या दाढा दाखवा, की ही कबरीकडे बघून आ वासायची. उन्हामुळे डोळ्यांतून पाणी. गावाने हे लांबून पाहिलं आणि गावाच्या काळजाचं पाणी झालं. बिचारी! बाप जाऊन इतकी वर्षं झाली तरी पोर टाहो फोडते आहे, आणि इतकं दुःख की आवाजसुद्धा फुटत नाही! पहिल्यांदा पाळकांची बायको डुकराचं मटण आणि सुरण घेऊन आली. मग बायका काळे कपडे घालून आल्या आणि बाजूला बसून भजनं गाऊ लागल्या. लेसिएलीने कानातली बोंडं काढून सांगितलं, “अहो, मी दाढांबद्दल शिकते आहे,” तर त्या म्हणाल्या, “हो गं बाळ, रड, मोकळी हो.” रविवारी पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मी पुढच्याच बाकावर होते. मी काही बोलले नाही. मटण चांगलं होतं.

घरी गृहपाठ वेगळाच. घरातल्या एका माणसाचं तोंड तपासा. घरात माणूस म्हणजे मी. बॅटरी घेऊन बघितलंन. आक्का, माझे दोन दात उरलेत, एक वर, एक खाली, आणि ते सख्ख्या जावांसारखे कधी समोरासमोर येत नाहीत. एवढं बघून ती कपाळाला हात लावून बसली. (लेसिएली म्हणते, मी कपाळाला हात लावला नाही. लावला. मी समोरच होते, तोंड उघडं होतं, डोळे नव्हते का?)

मग पोरांना शिकवायचं, तर मोठा दात हवा, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवायला. तो कुठून आणायचा? हिने आदल्या रविवारच्या जेवणातलं भट्टीत भाजलेल्या डुकराचं मुंडकं जपून ठेवलं, ते वर्गात नेलं, आणि कपडे घासायच्या ब्रशने त्याचे दात घासून दाखवले. गोल गोल, हिरड्यांकडून खाली. पोरांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून गावातली जिवंत डुकरं घरी परतायला तयार होईनात. हेडमास्तरांचा मोठा डुक्कर तर समुद्रात शिरला आणि तिथूनच बघत राहिला. पण एक खरं, पोरं ब्रश करायला शिकली. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, मग फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. (चूळ भरायची नाही! मी म्हटलं, हा कुठला धर्म? पण फोनमधला दात तसं म्हणतो आणि फोनमधल्या दातापुढे आईचं काय चालतं.)

शेवटची परीक्षा फोनवरच, समोरासमोर. राजधानीहून दातांच्या नर्स सेलोतेबाई फोनमधून बघणार, लेसिएली शिकवणार, पोरं करून दाखवणार. रेंज टेकडीवरच, म्हणून सगळी पोरं पेस्ट आणि ब्रश घेऊन, गणवेशात, कबरस्तानात. ताकीद एकच, मेलेल्यांच्या अंगावर थुंकायचं नाही, फेस तोंडात धरून कुंपणापर्यंत जायचं आणि तिथे थुंकायचं. हेडमास्तर टाय लावून उभे. मी आमच्या ह्यांच्या पायथ्याशी, कारण डोकं लेसिएलीला हवं होतं. फोन क्रुसाला टेकवला, सेलोतेबाई दिसल्या, पोरांनी ब्रश तोंडात घातले, आणि तेवढ्यात टेकडी चढून आल्या मानुसिऊ वन्सं.

आक्का, तुला काय सांगायचं, आपल्याकडे बापाची थोरली बहीण म्हणजे काय ते. घरातल्या कार्यात राणी फक्त तीच. तिने दिलेलं नाकारायचं नाही, तिच्यासमोर तिने घातलेलं काढायचं नाही, आणि मी तर भावजय, म्हणजे त्यांच्यापुढे दारातलं पायपुसणं. वन्संनी ऐकलं होतं की भाचीची परीक्षा आहे. मग आत्या रिकाम्या हाताने येते का? पास झालेल्याच्या गळ्यात गोळ्यांचे हार घालायचे ही रीत, आणि वन्संना निकालापर्यंत थांबायची सवय नाही. आठवडाभर बसून रिबिनीला गाठी मारून टॉफ्या, पेपरमिंट, चॉकलेटं ओवून हार केलेले. एक घातला, दुसरा घातला, घालतच राहिल्या. लेसिएलीची मान गेली, मग हनुवटी गेली, शेवटी नुसते दोन डोळे आणि चकाकणारे कागद.

आणि नेमकं तेव्हाच फोनमधून सेलोतेबाईंनी विचारलं, “मुलांनो, दातांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण?”

पोरांच्या तोंडात फेस. बोलता येईना, थुंकता येईना. सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं. लेसिएलीच्या गळ्याकडे.

हेडमास्तर आकाशातले ढग मोजायला लागले. सेलोतेबाईही आपल्यातल्याच, त्यांना मागे उभ्या असलेल्या वन्सं दिसत होत्या. आत्यासमोर हार काढ म्हणायचं तर रीत मोडते, आणि न काढता पास करायचं तर दात हसतील. लेसिएली हारांच्या आतून माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांपुढे निउआची बोट आली, भोंगा वाजवत.

मग मी काय केलं? मी गुडघ्यांवर बसले, मान खाली घातली आणि मोठ्याने म्हटलं, “वन्सं, आम्हाला क्षमा करा. केवढी ही चूक! कार्यात जे सगळ्यात चांगलं येतं ते आधी आत्याचं. लग्नातला वरचा केक तुमचा, मर्तिकातली चांगली चटई तुमची, आणि आज तुम्ही उघड्या गळ्याने उभ्या आणि ही कालची पोर हार मिरवते आहे! लोक म्हणतील, या घराला आत्याचा मान ठेवता येत नाही.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. नाही म्हणायचं तर आपला मान आपणच सोडायचा, आणि वन्संनी आजवर चहाची बशी सोडली नाही तर मान सोडतात? लेसिएलीने एकेक हार उतरवून, वाकून, त्यांच्या गळ्यात घातला. आता त्यांची मान गेली, हनुवटी गेली आणि आवाजही गेला, जे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. पोरं पळत जाऊन कुंपणाला थुंकून आली. सेलोतेबाई म्हणाल्या, “लेसिएलीबाई, घरच्या आत्याला न दुखावता शाळेतल्या गोळ्या घालवणारी शिक्षिका मी अजून पाहिली नव्हती. पास!” आणि मग हळूच म्हणाल्या की त्यांच्याही आत्याने त्यांना असेच हार घातले होते, पण ते राजधानीत कुणाला सांगू नका.

तर असं झालं. पोर इथंच राहिली. माझी अक्कल तुला ठाऊकच आहे, जास्त काय सांगू. भावोजींना आणि पोराबाळांना माझे मुके.

तुझी धाकटी बहीण,
फुसी

ता. क. लेसिएली शाळेत गेली. वन्सं सहज आल्या होत्या, म्हणून लेखणी त्यांच्या हातात दिली आहे. (वन्सं, वरचं वाचू नका, घरगुती आहे.) आक्का, पत्राचं खरं कारण आता सांगते. पोर राहिली ती राहिलीच! घरात दातांच्या बाईचं राज्य आहे. चहातली साखर गेली, दुधाचा गोड डबा आढ्यावर गेला, आणि रात्री मला दोन दातांसाठी दोन मिनिटं उभं करतात. तू बोटीने पुढचं सामानाचं पिंप पाठवशील तेव्हा तळाशी, जुन्या स्वेटरांच्या खाली, त्या काळ्या-पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या घाल. वर साबण ठेव, म्हणजे वास येणार नाही. कुणाला बोलू नकोस.

ता. क. हे फुसी सांगत नाही, मी मानुसिऊ लिहिते. ती समोर बसून मान डोलावते आहे, तिला वाटतंय मी तिचे मुके लिहिते आहे. वरचं सगळं वाचलं. पायपुसण्याचंही वाचलं. तोकिलुपे, माझ्या घरी सून मला गोळीला हात लावू देत नाही. पण आत्याच्या गळ्यात मानाने आलेलं काढून घ्यायची कुणाची छाती आहे? ते हार फिरून कुणाच्या गळ्यात येणार हे ओवतानाच मला ठाऊक होतं. फक्त फुसीला सुचायला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं, माझे पाय दुखले. आणि तिला काही फार वाटलं नाही म्हणते ना? बोटीच्या नुसत्या नावाने जिला ओकारी येते, तिने आपली पेटी बांधून पलंगाखाली सरकवली होती, पोरीबरोबर निउआला जायला. गोळ्या पाठव. माझ्या नावाने. तिला अर्ध्या देईन. बहुतेक.

ता. क. मोठ्या मावशी, मी लेसिएली. पाकीट चिकटवायला घेतलं आणि वाचलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. पेटी आहे. तिच्यात माझी उशीसुद्धा आहे, जी मी महिनाभर शोधते आहे. आईला काही बोलले नाही. तुम्ही गोळ्या पाठवा. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, दिवसभर चघळणं वाईट, जेवणाबरोबर थोडं चालतं. रविवारी जेवणानंतर दोघींना देईन, माझ्यासमोर. पिंपात दोन मऊ ब्रशही टाका. आत्याला स्वतःचा एकही दात नाही, पण आईला ब्रश मिळाला आणि तिला नाही, असं या घरात चालायचं नाही. तिचा थोडा मोठा बघा.