तारवालीचा पिक्चर आणि गौसभाईंचा तर्जुमा

१३ जाने. २०२५, सोम.
कालच्या सिनेमाची खरी किंमत लिहून ठेवतो. प्रोजेक्टर निखिलचा, खुर्च्या माझ्या मोटर वाइंडिंगच्या कारखान्यातल्या, पडदा म्हणजे घरातली पांढरी चादर. सगळ्यांना सांगितलं, फुकटात झालं. प्रत्यक्षात चादर हिच्या माहेरची निघाली, तिला वरच्या बाजूला खिळ्यांची दोन भोकं पडली, आणि ही कालपासून माझ्याशी ‘वाढलंय’ एवढंच बोलते.

रविवारची आमची मंडळी पाचसहा जणांची. काळेपांढरे इंग्रजी पिक्चर, घोडे, पिस्तुलं, टोपीवाले. जुन्यांपैकी फक्त अंजय्या, माझ्याबरोबर मोटर वाइंडिंग शिकलेला. काल चहाच्या वेळी मी जुनी गोष्ट काढली. पन्नास वर्षांपूर्वी सिकंदराबादच्या टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा. आम्हा कारखान्यातल्या पोरांना इंग्रजी शून्य. मग आमच्यातलेच, वयाने थोडे मोठे गौसभाई रांगेच्या मधोमध बसून हळू आवाजात सगळा पिक्चर दखनीत सांगायचे. तर्जुमा, म्हणजे भाषांतर. मजुरी दोन समोसे, एक चहा. निखिल (पुण्याचा, इथे कुकटपल्लीला कॉम्प्युटर कंपनीत) ऐकून उठूनच बसला. म्हणाला, काका, हे लोकांसमोर परत करू या, ९ फेब्रु.ला तुमच्या शेडमध्ये. मी गौसभाईंना न विचारता हो म्हणून टाकलं. वर म्हणालो, त्या माणसाला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. मोटर नुसती फोनवर ऐकवली तरी बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, ते मी सांगतो. माणसाचं खरंखोटंही तसंच ऐकू येतं मला.
अंजय्या तेव्हा बिस्किट चहात बुडवत होता.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ घेऊन मलकपेठला, गौसभाईंकडे. सगळा मोहल्ला गच्चीवर. गौसभाईही होते, पण पतंगांकडे पाठ करून. तिळगूळ हातात दिला तो त्यांनी बोटांनी चाचपला. बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. कार्यक्रमाचं सांगितलं.
“नक्को, दिगू.”
का विचारलं, तर बस, नक्को. त्यांची नात सना चहा घेऊन आली. ती म्हणाली, करो ना दादा, मैं कॉलेज के सब कू लाती. तिलाही नक्को. निघालो तर जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१६ जाने.
सनाचा फोन. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं राहिलंय. भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ नाही. माणूस दिसतो, तोंड नाही. आता परत यायचं नाही. “दादा बोले किसी कू नक्को बोल. मैं आपकू बोल दी.”
ही पलीकडे भाजी निवडत होती. चार दिवसांनी पहिलं वाक्य: अहो, मग त्या माणसाला पडद्यासमोर कशाला बसवताय?


१९ जाने., रवि.
निखिलला म्हटलं, कार्यक्रमाचं राहू दे, आधी पिक्चर तर बघू. कुठला ते पक्कं होतं: तारवालीचा. खरं नाव आम्हाला कधी उच्चारता आलं नाही. निखिलने मी सांगितलेल्या खुणांवरून शोधून काढला. घोडा विकायला एका गावात आलेला लंबू, आणि तिथल्या तार ऑफिसातली बाई.
गौसभाईंची गोष्ट मला तोंडपाठ. ती त्याची बहीण, लहानपणी पुरात हरवलेली. शेवटी घोड्यावर बसून लंबू म्हणतो, आपा, दरवाजा खुल्ला रख, मैं अम्मी कू लेके आतूं. जितक्या वेळा लागला तितक्या वेळा पाहिला. दर वेळी त्या जागी माझा रुमाल निघायचा.
आज खाली इंग्रजी अक्षरं येत होती. आता मला सावकाश वाचता येतात, निखिल थांबवत होता. शेवट दोनदा मागे न्यायला लावला.
ती बहीण नाही. बायको आहे. तो तिला टाकून गेलेला, आता परत घे म्हणतो. ती म्हणते, येऊ नकोस. तो जातो. संपला.
आईचा तर विषयच नाही.
निखिल प्रोजेक्टर बंद करत म्हणाला, काका, गौससाहेबांच्या वेळी वेगळी प्रिंट आली असेल. चांगला मुलगा आहे.

२० जाने.
कारखान्यात सकाळी एक चांगली मोटर उगाच उघडली.
तो पिक्चर पहिल्यांदा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलोच नव्हतो. उदगीरची गाडी धरली. आई गावाकडे एकटी, भावकीच्या ओसरीवर. दोन वर्षं मी ‘दिवाळीनंतर नेतो’ म्हणत होतो. त्या सोमवारी गेलो आणि तिला पेटीसकट घेऊन आलो, मलकपेठच्या एका खोलीत. अठरा वर्षं राहिली माझ्याजवळ. तेलुगू शिकली, माझ्यापेक्षा चांगली.
आणि लंबू तसं काही म्हणालाच नव्हता.

२२ जाने., बुध.
मलकपेठ. भांडायचं ठरवून गेलो. बसायच्या आधीच म्हणालो, तारवाली त्याची बायको आहे, गौसभाई.
ते मांडीवरच्या रुमालाची घडी करत राहिले. उलगडली, परत केली.
“पढ़ लिया तू?”
हो म्हणालो.
“मेरे कू अंग्रेजी कहाँ आती थी रे. येस, नो, कम ऑन. बाकी सब चेहरे देख के. भंवां, होंट, आँखां. एक दिन ऐसेइच मज़ाक में बोला, तो पूरी लाइन मुड़ के मेरे कू देखने लगी. फिर रुकना कैसा?”
बहीण कशी केली मग, विचारलं. म्हणाले, तिच्या तोंडावरून. बाई रागावलेली, पण उपाशी आलेल्या माणसावर रागावतात तशी. बायकोसुद्धा तशी रागावते हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांचं तेव्हा लग्न व्हायचं होतं.
आणि आई?
रुमाल बाजूला ठेवला. मग म्हणाले, इंटरवलला तू खिशातून गावाकडची चिठ्ठी काढून बसायचास, तीच ती, दर रविवारी. ती कोणाची हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, एवढं मला आठवतं.
“अब चेहरा नईं दिखता, दिगू. क्या देख के बोलूं? बोला तो सना के सामने झूठा पड़ता मैं. बच्ची कू मालूम है मेरे कू अंग्रेजी आती.”
भांडण राहून गेलं. चहा घेऊन आलो.

२५ जाने., शनि.
सकाळी दाढी करताना सुचलं. चेहरे मी सांगीन, त्यांच्या कानात. तर्जुमा ते करतील. अक्षरं बंद ठेवायची, आवाज अगदी बारीक.
फोन केला. पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता. मग:
“तू? चेहरे? तू मोटरां देख.”
पण ‘नक्को’ म्हणाले नाहीत.

२९ जाने.
पहिली तालीम, आमच्या घरी हिमायतनगरला. भयंकर.
मी: रागावलाय.
ते: रागावलाय मेरे कू नक्को बोल. भंवां बोल.
भुवया वर आहेत.
“एक की दोनों?”
एक.
“फिर गुस्सा नईं वो. शक है.”
पुढे लंबू तंबाखू चघळत होता, मला तो रडतोय असं वाटलं. मी सांगितलं, त्यांनी लगेच त्याच्या तोंडी बापाच्या मयताची हकीकत घातली. लंबू मयत सांगता सांगता लांब थुंकला. ही पोळी तव्यावर टाकून बाहेर आली, हसायला.
इतकी वर्षं हे पिक्चर पाहिले, तोंडं कधी पाहिलीच नाहीत. गौसभाईंना ऐकत बसलो होतो.

३ फेब्रु.
तालीम चौथी. ही आता मागे उभी राहून माझ्या चुका काढते. ओठ मिटलेत म्हणून काय सांगता, आतून दात आवळलेत ते सांगा.
गौसभाई: भाभी कू बिठाओ, इसकू उठाओ.
शेवटी असं ठरलं: मी डावीकडे, ही उजवीकडे. पडदा या वेळी विकत आणला.

७ फेब्रु.
निखिल पन्नास माणसं म्हणतो. उगाच हो म्हणालो त्या दिवशी. सना दादांसाठी नवी शेरवानी इस्त्री करून बसलीय. गौसभाई फोनवर म्हणाले, कपड़े अच्छे, आदमी पुराना, लोगां कपड़े देख के जाते तो अच्छा. पण हसले नाहीत.

९ फेब्रु., रवि.
दुपारी चारला सुरू. शेडचे पत्रे तापलेले, दोन मोठे पंखे. निखिलच्या ऑफिसातली पोरं, सनाच्या मैत्रिणी, शेजारपाजार, अंजय्या मधल्या रांगेत. निखिलने माईक पुढे केला, गौसभाईंनी मागे सारला. तर्जुमा हळू आवाजातच असतो म्हणाले. लोक खुर्च्या ओढत जवळ सरकले.
पहिली पाच मिनिटं वाईट. मी टोपीपासून सुरुवात केली, टोपीत काय असतं. ते अडखळले. एक पोरगा हसला. गौसभाईंचा हात माझ्या गुडघ्यावर आला, घट्ट. मग ही उजव्या कानात म्हणाली, डोळे खाली आहेत, हनुवटी वर. आणि ते सुटले.
असा आवाज मी विसरलो होतो. चढवायचा नाही, रडवायचा नाही, शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसा. लंबू घोड्याची किंमत ठरवत होता तेव्हा तो गुलजार हौजच्या बाजारातल्या दलालासारखा बोलत होता, आयटीवाली पोरं खुर्च्यांवरून वाकून हसत होती. तारवाली आली की सगळे गप्प.
शेवट आला. ती दारात, तो घोड्यावर. तिचे ओठ हलले. येऊ नकोस म्हणाली, मला माहीत होतं, निखिललाही. निखिलने हात पुढे करून राहिलेला आवाजही बंद केला.
“होंट?” गौसभाईंनी विचारलं.
तिचे हलले, मी म्हणालो. थोडेसेच. त्याचे बंद.
“आँखां?”
मला सांगता येईना. हीच म्हणाली, भरलेत. दोघांचे.
घोडा वळला होता. मग गौसभाई म्हणाले: आपा, दरवाजा खुल्ला रख. मैं अम्मी कू लेके आतूं.
मी पडद्याकडे पाहिलंच नाही.

टाळ्या बराच वेळ. सना येऊन त्यांच्या पायाशी बसली. “दादा, सच्ची में इत्ता बोला वो? उसके होंट तो हिलेइच नईं.”
“अंग्रेजी थोड़े में होती, बेटा. अपने में लंबी हो जाती.”
ती हसली. विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. हात मात्र सोडला नाही तिने.

मीच मलकपेठला सोडायला गेलो. सना मागे मैत्रिणीशी फोनवर. पुलाशी गाडी अडकली तेव्हा गौसभाई खिडकीकडे तोंड करून म्हणाले, दिगू, असल में वो आखिर में क्या बोलती? तू तो पढ़ा है.
सिग्नल सुटला. मी म्हणालो, नंतर बोलू.

११ फेब्रु., मंगळ.
गौसभाईंचा दोनदा फोन. शुक्रवारी येतो म्हणालो. काय सांगायचं ते ठरत नाही. ही म्हणते, खरं सांगा, ते म्हातारे आहेत, लहान मूल नाहीत. मग अर्ध्या तासाने म्हणते, नका सांगू.

दुपारी अंजय्या कारखान्यात चहाला. गौसभाईंच्या इंग्रजीचं माझ्याकडून कोणाला कळू द्यायचं नाही, हे पक्कं. तरी सहज म्हणालो, त्या काळात गौसभाईंचं इंग्रजी काय होतं, नाही?
अंजय्याने बशी खाली ठेवली.
“गौसभाईला इंग्रजी? काय सेठ. पहिल्याच महिन्यात कळलेलं सगळ्यांना. पडद्यावर गोळी लागून मेलेला माणूस त्यांच्या गोष्टीत बॉम्बेला नोकरीला जायचा.”
मग कोणी बोललं का नाही?
“सांगायचं कोणाला? गोष्ट चांगली होती. आणि तू रुमाल काढून बसायचास.”
चहा संपवून गेला.

त्या रांगेत आम्ही अकरा जण बसायचो. दहा जणांना ठाऊक होतं.