शेखरने सांगितलेला अर्थ

कासार आंबोली,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय जान्हवीताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्याकडे थंडी पडली असेल. ज्ञानदाची सहामाही झाली. शेखरचं ऑफिस चालू आहे. आई तुमच्याकडे सुखरूप पोचल्या, बरं झालं. गुडघा दुखतो म्हणून अचानक परत आले, असं त्या तुम्हाला म्हणाल्या. फोनवर मीही हो म्हटलं.

तसं नाहीये.

तुमचा भाऊ रोज संध्याकाळी लेकीला अवघड इंग्रजी शब्द शिकवतो. नुसते अर्थ पाठ केले की विसरायला होतं, म्हणून घरातल्या माणसांना शब्द लावून वाक्य करायचं, ही त्याची पद्धत. माझ्या वाट्याला ‘ऑब्स्टिनेट’ आला, म्हणजे हट्टी. मी हसून सोडून दिलं. नवरात्रात त्याचे ऑफिसातले मित्र घरी आले, तेव्हा त्याने ज्ञानदाला पुढे उभं केलं. आई बशीतून चहा पीत होत्या. पोरगी म्हणाली, “माय ग्रँडमदर इज अनकूथ.” सगळे खो खो हसले.

अनकूथ म्हणजे गावंढळ, रीतभात नसलेली. आईंनी अर्थ विचारला, तर शेखर म्हणाला, “साधी, मनाने निर्मळ.”

त्या किती खूश झाल्या, काय सांगू. घरमालकीण सारजाबाईंना त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग सारजाबाई अंगणातून रोज हाक मारू लागल्या, “ओ अनकूथबाई, या की, शेंगा फोडू.” आई पदर सावरत जायच्या. एकदा शेखरने खिडकीतून ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि मित्रांना पाठवलं.

त्याच दुपारी मी आईंना खरा अर्थ सांगितला. त्या बराच वेळ टरफलं गोळा करत राहिल्या. मग एवढंच विचारलं, “शेखूला ठावं हुतं का गं?”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

शेखर माझ्यावरच चिडला. “सांगायची काय गरज होती? ती खूश होती ना?” हे म्हणताना तो आमटी भुरकत होता. मी ताटावरून उठले. त्याच्यासमोर बसून आता घास गिळवत नाही. ज्ञानदा मात्र खूप रडली. शब्दाचा अर्थ तिला येत होता, तो आजीला किती लागेल हे कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी आम्ही दोघी येतोय. शेखर सोबत नसेल, मीच नको म्हटलं. मी सांगितलं ते बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही. तुम्ही आईंना काही विचारू नका. फक्त सांगा, सून येतेय.

आईंची,
मेधा