रिकामी पिशवी

ती. कुमुदआत्या,

नवऱ्याच्या मारानं मेलेल्या बाईचा तो माहितीपट तू पाहिलास का? आज उत्रोलीत भात लावताना बायकांमध्ये तोच विषय होता. एक म्हणाली, "येवढा मार खाल्ला, तर तवाच का न्हाई सोडलं?"

शेजारच्या चंद्राबाई म्हणाल्या, "जायची कुठं गं? माहेरची मान्सं ओटी भरून परत धाडत्यात, आन मग मोबाईल बघून रडत्यात!"

आई रोपं टाकून बांधावर जाऊन बसली.

आतोबा तुला न्यायला आले, तो दिवस मला आठवला. तुझ्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. तरी आईनं सांगितलं म्हणून तुझ्या ओटीत नारळ मीच ठेवला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पण हे कारण मला पुरत नाही.

घरी येऊन आई म्हणाली, "वन्संना आमीच धाडलं. आता आमीच आणायचं." बाबांनी उठून तुझ्यासाठी मधल्या खोलीतली भाताची पोती हलवायला घेतली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आतोबांच्या हाती पडेल; तुझ्या हातात मीच देईन. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं येतोय. यायचं की नाही, ते तू ठरव. आम्ही या वेळी पिशवी रिकामीच आणतोय, तुझे कपडे भरायला.

तुझी,
शेफाली